शिळं पाणी

माशाचं पिलू बरणीच्या काचेला तोंड टेकवून उभं होतं, पाण्याच्या अगदी वरच्या रेषेपाशी — पोहत नव्हतं, नुसतं उभं होतं, आणि तांदळाएवढ्या त्या अंगात डोळेच काय ते मोठे... वसंतनं चष्मा कपाळावर सरकवला, नाक काचेपर्यंत नेलं आणि पुन्हा मोजलं. वर चार. तळाशी, पांढरी पडलेली, सहा. एक सापडतच नव्हतं. काल संध्याकाळपर्यंत अकरा होती, आणि आता सव्वासात वाजले होते, म्हणजे मुलगी, अवंती, उठून बाहेर यायला फार तर पाऊण तास.

शेजारी परीक्षानळी उभी होती. कोपऱ्यातल्या निळ्या बादलीतलं पाणी तिच्यात घेऊन त्यानं पाच थेंब औषध टाकलं होतं, आणि पाणी हळदीसारखं पिवळं झालं होतं. क्लोरीन. माणसांना बरा, पिलांचे कल्ले जाळणारा — हे वसंतला कुणी सांगायला नको होतं. मकरपुऱ्याच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं तो पाणीच तर तपासत होता, कारखान्याला टाळं लागेपर्यंत. म्हणून त्या बादलीत नळाचं पाणी तीन-तीन दिवस उघडं ठेवायचं, क्लोरीन उडून जाऊ द्यायचा, आणि मग रोज संध्याकाळी त्यातलं तांब्याभर बरणीत. शिळं पाणी हवं, ताजं नको. तेही रोज आधी नळीत थेंब टाकून, खात्री करून. काल तेवढं राहिलं. वा रे शहाणा! साऱ्या तरसाली वस्तीला पाण्याबद्दल व्याख्यानं देणारा शहाणा.

काल ग्रहण होतं. दुपारपासून त्याची बायको नीरा तुळशीची पानं घेऊन घरभर हिंडत होती — पिंपात एक, दुधात एक, कैरीच्या छुंद्याच्या बरणीतसुद्धा एक. निळ्या बादलीपाशी आली तेव्हा त्यानं हात आडवा घातला.

“अहो, एक पान तर आहे.”

“पान कुजेल, पाणी नासेल. आणि ग्रहणानं पाणी बाटत नाही, नीरा. सावली आहे ती, सावली.”

“मग ग्रहण सुटल्यावर ओतून द्यावं लागेल ने! तुळस नसलेलं पाणी घरात ठेवत नाहीत.”

“बरं, बघू.”

बघू! वसंत मनाशीच चरफडला. एक पान पडू दिलं असतं तर त्या बादलीला कुणी बोटही लावलं नसतं. पण नाही, विज्ञानाची बाजू राखायची होती ना... ती राखून, एक्स-रेची जुनी फिल्म पिशवीत घालून मी फतेगंजच्या मैदानावर ग्रहण बघायला गेलो, आणि ढगांखेरीज काही दिसलं नाही. जरा अंधारून आलं, कावळे झाडांवर परतले, पुन्हा उजेड झाला. लोक टाळ्या वाजवत होते.

परत आलो तर नीरा फाटकातच.

“अहो, अवंती उठली! आपणहून. अंघोळ केली, सगळं पाणी ओतलं, पिंप-कळशी सगळं घासलं, आणि नळाला पाणी आल्याबरोबर चोखं भरून ठेवलं. मी म्हटलंसुद्धा नव्हतं हो.” आणि ती रडायलाच लागली.

अवंती उठली. एका घराला एवढं वाक्य पुरावं, अशी आमची दशा झालेली. फाल्गुनात पोरगी सुरतेहून, सासरहून, एक बॅग घेऊन आली ती आलीच. काय झालं विचारलं की भिंतीकडे तोंड करून निजायची. चैत्र गेला, वैशाख गेला, अधिकातला धरून दोन ज्येष्ठ गेले, आषाढही लागला — शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, वेळ द्या. आमच्याकडे दुसरं होतं काय! मग बारा दिवसांपूर्वी हौदापाशी थांबून ती एकदम म्हणाली, “बाबा, यात काहीतरी हलतंय.” गप्पीच्या मादीनं पिलं टाकली होती. मोठ्या माशांच्या तोंडातून वाचली ती अकरा वसंतनं मुरंब्याच्या बरणीत काढली, आणि तेव्हापासून रोज सकाळी आठला ती यायची, विचारायची, “किती?” तो म्हणायचा, “अकरा.” मग ती स्वतः मोजायची, आणि मोजून झाल्यावर चहा घ्यायची, कधी त्याच्याबरोबर अर्धी पोळीही.

म्हणून काल संध्याकाळी बादली काठोकाठ भरलेली दिसली, घासून लख्ख झालेली दिसली, तरी डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. नीरानं सगळं पाणी ओतल्याचं सांगितलं होतं, कानांनी ऐकलं होतं. पण मी ‘उठली’ एवढंच ऐकलं. खुशीत बरणीत रोजच्यापेक्षा एक तांब्या जास्तच घातला.

आता पहाटेपासून त्यानं करायचं ते सगळं केलं होतं. बरणीतलं पाणी उपसून मोठ्या हौदातलं जुनं पाणी भरलं होतं, हवेची नळी सोडली होती. वरातीमागून घोडं. जळलेले कल्ले काही पाणी बदलून बरे होत नाहीत. वरच्या चारांतलं एक आडवं झालं, क्षणभर सरळ झालं, पुन्हा आडवं झालं. आता तीन.

नीरा चहा घेऊन आली. बरणीकडे पाहिलं आणि काय ते समजली.

“मी सांगते तिला, बादली मी ओतली म्हणून.”

“घासली तिनं. तिला माहीत नाही होय?”

“मग सांगा, आपोआप मेली. मासेच ते.”

“नळी बघेल ती. पिवळं म्हणजे काय, मीच शिकवलंय तिला.”

त्यानं नळी मोरीत ओतली, विसळली, उपडी ठेवली. चोरासारखं. मग मेलेली पिलं चहाच्या चमच्यानं काढायला घेतली, आणि मध्येच थांबला — काढली तरी ती मोजणारच. मोजेल, बादलीकडे बघेल, हुशार पोरगी आहे, दोन मिनिटं लागणार नाहीत तिला. पाच महिन्यांत आपण होऊन एक काम केलं, या घराचं म्हणून केलं, आणि त्या कामानंच... हे तिला कुणी सांगायचं? न सांगता तिला कळेल, आणि मग ती पुन्हा त्या खोलीत जाईल, आणि या वेळी मला बाहेर काढता येणार नाही तिला. माझ्याजवळ आता काही उरलेलं नाही.

आतल्या खोलीची कडी वाजली. आज पंधरा मिनिटं लवकर! सपाता फरफटल्या नाहीत, पावलं भराभर येत होती. बऱ्याच दिवसांत ती अशी चालली नव्हती. नीरानं त्याच्याकडे पाहिलं. चमचा हातात धरून तो बरणीपुढे आडवा उभा राहिला. याच पोरीच्या एका शब्दासाठी तो साडेचार महिने त्या दाराला कान लावून बसला होता, न मानलेले देव मानून झाले होते... आणि आता मनातल्या मनात एकच घोकत होता — नको विचारूस, बाळा. आज बोलू नकोस. तशीच मागं फिर, भिंतीकडे तोंड करून पडून राहा. हे आपल्याला वाटतंय हे त्याला कळलं, कळून अंगावर काटा आला, आणि तरीही ते तसंच, अगदी मनापासून, वाटत राहिलं.