कोनाड्यातला डोळा

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कोठडी आहे. माझ्यात कैदी मात्र कधीच राहिला नाही, कारण मी शिल्प आहे. एका शिल्पकार बाईने मला आपल्या भावापायी घडवलं.

तिच्या दादाने न केलेल्या गुन्ह्यासाठी नऊ वर्षं तुरुंगात काढली होती. निर्दोष ठरून तो घरी आला तेव्हा त्याचं डोकं पांढरं झालेलं होतं. न्हाणीघराला कडी घालायचंसुद्धा तो विसरला होता. दार नुसतं लोटायचा. बहीण काही विचारायची नाही. एके दिवशी चहा पिताना तोच म्हणाला, "तिथे रोज प्रार्थना करायचो मी. पण दाराला भोक होतं, आणि भोकाला शिपायाचा डोळा. तो पाठीवर जाणवला की देवाशी बोलणं तुटायचं. मग नुसते हात जोडून बसायचो. अजून तसाच बसतो."

बाईने हातातली सगळी कामं बाजूला सारली. भंगारातून जाड पत्रे आणले, कापले, जोडले. महिनाभर ठिणग्यांशिवाय मला काही दिसलं नाही. दाराला तिने बाहेरून कडी लावली, आतून काहीच नाही. कडीच्या वर एक भोक पाडलं. आत दाराकडे पाठ करून, गुडघे टेकून बसलेला प्लास्टरचा माणूस ठेवला. त्याच्या समोरच्या भिंतीत कोनाडा केला. पण देव ठेवायचा तिथे तिने दाढीचा गोल आरसा बसवला, चेहरा मोठा दाखवणारा. भोकातून डोकावणाऱ्याला आधी त्या माणसाची वाकलेली पाठ दिसायची आणि मग कोनाड्यात एक भलामोठा डोळा. स्वतःचाच.

"दादा, बघायला येतोस?" तिने विचारलं.

"नको गं. पाहिलीय मी कोठडी."

कलादालनात माझ्यासमोर रांगा लागल्या. हसत आलेली माणसं डोकावून झाल्यावर दचकून मागे सरायची. मला बक्षीसही मिळालं. खोटं कशाला सांगू, मी हुरळून गेले. पण दिवसभर इतके डोळे येऊन जात, आणि संध्याकाळी दिवे मालवले की मी आणि तो पाठमोरा माणूस, दोघंच उरायचो.

मग काही मंडळी तक्रार घेऊन आली. "देवाच्या जागी माणसाचा डोळा? ही श्रद्धेची थट्टा आहे."

"थट्टा नाही," बाई म्हणाली. "माझ्या भावाच्या प्रार्थनेचं जे झालं, तेच आहे हे."

व्यवस्थापक मनाने वाईट नव्हते, पण भित्रे होते. म्हणाले, "बाई, चार दिवस तळघरात ठेवू. जरा निवळलं की वर आणू."

त्या चार दिवसांची अकरा वर्षं झाली. बाईने अर्ज करकरून हात टेकले.

तळघरात खोकी होती, मोडक्या खुर्च्या होत्या आणि छताला एक कॅमेरा होता. तो सतत बघत असायचा, म्हणून दुसऱ्या कुणाला यायची गरजच पडत नसे. एकदा शिडी ठेवताना धक्का लागला आणि आतल्या माणसाचं बोट तुटलं. कॅमेऱ्याने ते पाहिलं. कळलं कुणालाच नाही. महिन्यातून एकदा झाडणाऱ्या मावशी यायच्या. माझ्या कडीला फडकं अडकवून म्हणायच्या, "काय गं, उभी आहेस ना?" तेवढ्यावर माझा महिना निघायचा. पुढे त्याही निवृत्त झाल्या. मग नुसता गंज.

आणि एका दुपारी शिल्पकार बाई आली. बरोबर काठी टेकत दादा होता. "इथून बघायचं," तिने भोक दाखवलं.

तो भोकाकडे वाकलाच नाही. त्याने बोट दुमडून माझ्या दारावर हलकेच टकटक केलं. हजारो लोक येऊन गेले होते, पण दार कुणी वाजवलं नव्हतं. माझा पत्रा न् पत्रा झणाणला.

"येऊ का आत?" त्याने विचारलं. थोडा थांबला. मग कडी काढून आत आला आणि त्या माणसाशेजारी कसेबसे गुडघे टेकून बसला. खिशातला रुमाल काढून त्याने आरशावर टाकला आणि डोळे मिटले.

बाहेर बहिणीने माझ्याकडे पाठ फिरवली आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. किती वेळ, कोण जाणे.

तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा ओला होता. "आज बोलणं झालं," तो म्हणाला.

बहिणीने मान हलवली. दार लोटायला तिने हात पुढे केला, तो त्याने धरला. "राहू दे उघडं."

ती दोघं पुन्हा आली नाहीत. मी अजून तळघरातच आहे. मित्रांनो, कधी मी तुमच्या दृष्टीस पडले तर माझा गंज पुसा, त्या माणसाचं बोट जोडा. पण एवढंच मागणं नाही माझं. कुणी डोळे मिटून एकटं बसलेलं दिसलं तर भोकातून बघू नका. दार वाजवा. आणि ते उघडलं नाही, तर पाठ फिरवून जवळ उभे राहा.