दोनशे चौदा नंबरचा माणूस

१९०७ साली वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणींत किती माणसं मेली, ते सरकारी अहवालात छापलंय. आकडा खोटा आहे. मला माहीत आहे, कारण त्यातला एक मी घातलाय.

यादी पहिली: एक्क्याण्णव

खाणीच्या तोंडाशी एक फळी होती. खाली जाताना आपला पितळी बिल्ला तिथे अडकवायचा, वर आलं की काढून घ्यायचा. स्फोटानंतर फळीवर जेवढे बिल्ले उरले, तेवढी माणसं मेली. कंपनीची मोजणी एवढीच.

दोनशे चौदा उरला होता. तो बिल्ला माझ्या नवऱ्याचा, दोनातोचा. आणि दोनातो त्या दिवशी तापाने फणफणून माझ्या स्वयंपाकघरात खोकत बसला होता.

खाली गेला होता विटाले, माझा भाऊ. मार्चमध्ये इटलीतल्या मोलिझेहून आलेला. त्याच्या नावाचा बिल्लाच नव्हता. आम्हा इटलीवाल्यांत रीतच तशी. एका बिल्ल्यावर एकाच वेळी दोघं-तिघं खाली राबायचे. भाऊ, मेहुणा, चुलता, जो असेल तो. मुकादम टियर्नीला सगळं ठाऊक होतं. "तुमची तोंडं सारखीच," म्हणायचा, "मला एक दिसला तरी पुरे." आणि हसायचा. आम्हीही हसायचो. त्या आमच्या हसण्याची मला आज सगळ्यात जास्त चीड येते.

यादी दुसरी: नव्वद

ही माझी चूक.

कारकून हॅस्केल पायरीवर उभा राहून नावं वाचत होता. दोनातोचं नाव आलं. शेजारणींनी मला धरलं. मी ओरडले की माझा नवरा घरी जिवंत आहे, खाली माझा भाऊ आहे. हॅस्केलने पहिला अर्धा भाग ऐकला आणि नाव खोडलं. दुसऱ्या अर्ध्याला त्याने फळीकडे बोट दाखवलं. विटालेचा बिल्ला कुठाय?

मी खरं बोलले, आणि माझा भाऊ खोडला गेला.

सहाव्या दिवसापर्यंत नव्वद प्रेतं वर आली. त्यांत विटाले नव्हता. डाव्या बोगद्याचं छत कोसळलं होतं, दोनातोची कामाची जागा, म्हणजे त्या दिवशी विटालेची, त्याच्या पलीकडे. पण यादी जुळली होती. टियर्नीने बोगदा बुजवायला विटा मागवल्या. मी विटांच्या गाडीच्या आडवी गेले.

"बाई, खाली कुणी नाही," तो म्हणाला. "मोजून झालंय."

घरी येऊन मी भांडी आपटली. दोनातो खाटेवरून उठला. मग बूट घालायला लागला.

"तापात कुठे निघालास?"

"पेनसिल्व्हेनियात. उद्या त्यांना सांग, मी मेलोय. एक प्रेत कमी भरलं की खणतील."

मागच्या दाराने गेला. भाकरी आणि दोन कांदे घेऊन. मी थांब म्हटलं नाही. तेही लिहून ठेवते.

यादी तिसरी: एक्क्याण्णव

हॅस्केलने विचारलं, आधी जिवंत होता, आता मेला कसा? मी म्हटलं, डोकं फिरलं होतं, मेलेला नवरा घरात दिसत होता. माझ्यापुढे बायबल आलं. मी हात ठेवला. जिवंत नवऱ्याला शपथेवर मारलं. 

विटा उतरल्या नाहीत. माणसं खाली गेली.

दोन दिवसांनी छताखालून तिघं निघाले. एकमेकांना धरलेले, भाजलेले, तोंड ओळखू येईना. तिघांचीही नोंद कुठे नाही. कुणाच्या तरी बिल्ल्यामागचे मेहुणे, कुणाचे तरी भाऊ. शवपेटी एकच आली होती.

"यादीला एक कमी पडतोय," हॅस्केल म्हणाला. "यातला तुझा नवरा कोणता, दाखव. बाकीचे आमचे नाहीत."

मी वाकून पाहिलं. खूप पाहिलं. त्यातला विटाले कोणता ते मला, त्याच्या सख्ख्या बहिणीला, कळलं नाही.

"तिघेही," मी म्हटलं.

"काय तिघेही?"

"तिघेही माझे नवरे. लिहा."

कुणीतरी फिसकन हसलं. बहुतेक टियर्नी. हॅस्केलने पेटी पुढे ढकलली आणि म्हणाला, तमाशा नको. मी पेटीचं झाकण लावलं, त्यावर बसले, आणि आणखी दोन पेट्या येईपर्यंत उठले नाही.