बोटभर उतार

साखर कारखान्याचे मॅनेजर राधाकृष्णपंत यांनी आमोस सुताराला काम सांगितलं ते असलं अजब! उसाच्या ट्रॉल्यांचं यार्ड लाकडी फळीवर उभं करायचं. वर बारके रूळ, बारकी ट्रॉली, सगळं हुबेहूब. का, तर चौकशीला मुंबईचे साहेब येणार, आणि कोपरगावच्या उन्हात, पाचटाच्या घाणीत त्यांना उभं राहवत नाही. मग यार्डच टेबलावर आणा म्हणे!

चौकशी होती यार्डात काम करणाऱ्या सहादेवची. महिन्यापूर्वी भरलेली ट्रॉली सुटली आणि आमोसच्या धाकट्या भावाचं, दानीएलचं पाऊल चाकाखाली गेलं. डॉक्टरांना ते घोट्यापासून कापावं लागलं. ट्रॉलीजवळ तेव्हा एकटा सहादेव होता. "म्या हात बी लावला न्हाई. रूळ उतरते हायेत, ती आपसूक चालली," एवढंच तो घोकत होता. पण कारखान्याच्या नकाशात यार्ड सपाट. ट्रॉली त्यानेच ढकलली असं ठरलं, की नोकरी जाणार आणि वर पोलीस धरून नेणार. आमोसला तेच हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं.

पण नगरच्या मिशनच्या शाळेत सुतारकी शिकलेला गडी तो, मोजल्याशिवाय लाकडाला करवत लावायचा नाही. बुधवारी उतार मोजायची पाणसळ घेऊन यार्डात गेला, रुळावर ठेवली. बुडबुडा एका अंगाला सरकला. पाणसळ उलटी फिरवून ठेवली, तरी तेच. दर चार हातांना बोटभर उतार, तोही सरळ दानीएल उभा होता त्या बाजूला. म्हणजे तो मेला सहादेव खरं बोलत होता!

आमोसने इकडेतिकडे पाहिलं आणि पाणसळ पिशवीत घातली. "नकाशात सपाट हाय ना? मंग सपाटच करीन," तो पुटपुटला. सागवानाचे दोन तुकडे खुंट्यांनी जोडून त्याने चार हात लांब फळी केली. जोडावर नख अडकेना, इतका रंधा मारला. घरी दानीएल कुबड्या टेकत चालायला शिकत होता. त्याची ठकठक कानावर आली, की आमोसचा रंधा आणखी जोरात चाले.

शनिवारी फळी साहेबांच्या टेबलावर चढली. एका टोकाला आमोस, दुसऱ्या टोकाला खुर्चीत दानीएल, मध्ये सहादेव. राधाकृष्णपंतांनी बारकी ट्रॉली रुळावर ठेवली. ती ढिम्म हलली नाही.

"पाहा साहेब! आपसूक चालली म्हणे!" पंत म्हणाले.

सहादेवच्या तोंडचं पाणी पळालं. तो आमोसकडे वळला आणि हात जोडून म्हणाला, "आमोसदादा, तुमी सुतार. तुमी तरी येकदा त्या रुळावर पाणसळ लावून बघा. तुमी सांगाल ते म्या मान्य करीन."

आमोसचे कान तापले. ज्याला बुडवायचं, तो आपल्यालाच पंच नेमतोय! त्याची नजर वर उठेना. साहेबांनी निकालावर सही करायला पेन उघडलं. कागदावर निब टेकणार, तोच आमोसने आपल्या बाजूची फळी उचलली, दोन्ही हातांची बोटं आडवी खाली सारली आणि अख्खा भार त्यांच्यावर सोडला. कळ थेट कोपरापर्यंत गेली.

ट्रॉली हलली. हळूहळू निघाली, मग वेग घेत गेली आणि पलीकडच्या टोकाला दानीएलच्या तळहातावर आदळली.

"हे काय चाललंय? नकाशात सपाट आहे!" पंत ओरडले.

"नकाशा खोटा हाय. म्या बुधवारी मोजलंय. यार्डात येवढाच उतार हाय, बोटभर. चला, आत्ता दावतो."

दानीएल हातातल्या ट्रॉलीकडे पाहत राहिला.

"दादा, बुधवारीच कळलं हुतं, तर फळी सपाट का केलीस?"

"ह्याला जेलात धाडायचं हुतं मला," आमोस म्हणाला. "तुजा पाय गेला रं. कुणाचं तरी वाटोळं व्हायला पायजे हुतं."

साहेबांनी सही न करता पेन बंद केलं. सहादेव दोन पावलं पुढे आला आणि आमोसच्या बोटांवरची फळी त्याने दोन्ही हातांनी वर उचलून धरली.