म्हाळूच्या वस्तीचा खड्डा

रस्ता पालिकेचा आणि घरं कुणाचीच नाहीत, अशी ती म्हाळूची वस्ती. हद्दीचा दगड रस्त्याच्या कडेलाच रोवलेला. अलीकडं डांबर, पलीकडं माणसं. डांबराला खड्डा पडला तर पालिका बुजवायला येते. माणसांच्या घशाला कोरड पडली तर म्हणते, ग्रामपंचायतीकडं जा. ग्रामपंचायत म्हणते, तुमी तर शहरातली माणसं, आमाला कशाला पिडता? या टोलवाटोलवीत दोन उन्हाळे गेले. मधले पावसाळेही गेले, पण त्यांना पावसाळे म्हणायची लाज वाटते. परळीच्या वीजकेंद्राचे संचसुद्धा पाण्यावाचून बंद पडले होते. जिथं सरकारच्या चुलीला पाणी मिळेना, तिथं म्हाळूच्या वस्तीला कोण विचारतो!

विचारायचा तो फक्त एक खड्डा.

संच बंद होते, पण तिथली साठलेली कोळशाची राख वाहणारे टिपर बंद नव्हते. मागं कधी चार सरी पडल्या तेव्हा त्यांनीच फोडलेला हा खड्डा, रस्त्याच्या डाव्या अंगाला, म्हैस बसंल एवढा. नेकनूरकडून पाणी भरून शहरात जाणारे टँकर याच वळणावरून जायचे. डावं चाक खड्ड्यात उतरलं की टँकर दारू प्यायल्यासारखा वस्तीच्या अंगावर कलायचा आणि वरच्या झाकणातून पाण्याचा पट्टा कडेच्या नालीत पडायचा. नालीत बायांनी फ्लेक्स अंथरला होता. मोहनराव चेअरमनच्या वाढदिवसाचा, हात जोडलेला, 'दुष्काळात जनतेच्या पाठीशी' असं लिहिलेला. चेअरमनचं तोंड पाण्याखाली बुडालं की वस्तीचे हंडे भरायचे. आयुष्यात तेवढंच एक खरं काम त्या तोंडानं केलं.

नबी ड्रायव्हर झाकणाचा खटका मुद्दाम ढिला ठेवायचा. टँकरला कसलंसं यंत्र बसवलेलं. वाटेत थांबला की तहसिलीत दिसायचं, आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर घरी. पण खड्ड्यात टँकर हळू झाला तर कोण काय बोलणार? "रास्ताच तसा हाय सायेब," एवढं म्हटलं की भागायचं. वस्तीकडं न बघता, समोर काचेत बघत तो टँकर उतरवायचा, मागचं चाकही सावकाश उतरवायचा, आणि निघून जायचा. कधी कुणी आभार मानले नाहीत, कधी त्यानं मागितले नाहीत.

भिवराबाईचं घर वस्तीत पहिलंच. पोरगा ऊसतोडीला गेलेला तो अजून यायचा होता. घरात ती आणि सून शिवकन्या, दिवस भरत आलेली. आणि भिवराबाईचं काम काय? तर खड्डे बुजवायचं. मोहनरावाच्या मजूर सहकारी संस्थेत ती बायांच्या टोळीची मुकादमीण. संस्था कागदावर मजुरांची. भिवराबाईही सभासद, पण मालकीचा भास तिला दिवाळीच्या बुंदीच्या पुड्यापलीकडं कधी झाला नाही. संस्थेची रीत सोपी होती. खड्ड्यात कडेचाच मुरूम लोटायचा, वर नैवेद्याला तूप वाढावं तसं डांबर शिंपडायचं, फोटो काढायचा. पहिल्या सरीला खड्डा तोंड उघडायचा, की पुन्हा नवं काम. मोहनरावाला खड्डा म्हणजे दुभती म्हैस, आटू द्यायचीच नाही. म्हाळूच्या वस्तीचा खड्डा तर कागदावर इतक्यांदा बुजला होता की जाग्यावर टेकाड व्हायला पाहिजे होतं.

मग मंत्र्याचा दुष्काळ-पाहणी दौरा ठरला.

पालिकेचा तरणाताठा इंजिनिअर सकाळीच येऊन खड्ड्याशी उभा राहिला. बरोबर डांबर-खडीच्या गरम मालाची गाडी, छोटा रोलर, आणि पांढऱ्या गाडीत मोहनराव.

"भिवरे, आज फसवाफसवी न्हाई," मोहनराव म्हणाला. "मंत्र्याच्या गाडीत चहाचा कप हिंदकळला न्हाई पायजे."

"कप हिंदकळला न्हाई तर आमचा हंडा कसा भरंल, मालक?"

"दौरा होऊ दे. वस्तीला टँकर मंजूर करून घेतो."

"मागच्या दौऱ्यातबी हेच बोललता."

"तोंड लई चालतंय तुझं. हात चालव."

इंजिनिअरनं समजावलं. खड्ड्याच्या कडा टिकावानं सरळ चौकोनी कापा, आतली धूळ पार झाडून काढा, मग डांबराचा हात मारा, मग माल. धूळ राहिली तर डांबर धरत नाही. त्याला वाटलं आपण नवीन काही सांगतोय. भिवराबाईनं मान डोलावली. तिच्या डोक्यात भलतंच चालू झालं होतं.

चहाची गाडी आली, साहेबलोक तिकडं वळले, तेव्हा ती टोळीतल्या छबुबाईला म्हणाली, "खराटा ठेव खाली."

"अगं, साहेबानं झाडाया सांगितलंय न्हवं?"

"म्हणूनच. खाली टिपरची सांडलेली राख राहू दे बोटभर. वरून डांबर मार."

"टिकणार न्हाई की मंग."

"आपलं कवा टिकलंय? इतकी वर्षं टिकावं म्हणून बुजवलं, तरी उखडलं. आता उखडावं म्हणून बुजवू. चार टँकर गेले की पापडावानी वर येतंय बघ."

बाया पदराआड हसल्या. धुम्मस आपटली, रोलर फिरला, रस्ता आरशासारखा झाला. दुपारी मंत्र्याचा ताफा त्यावरून इतका झटक्यात गेला, की वस्तीकडं बघायला त्याला वेळच मिळाला नाही. खड्डा असता तर निदान काच तरी खाली केली असती.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. वस्तीच्या बाया हंडे घेऊन नालीकडेला उभ्या. टँकर सरळ निघून गेला. नबीनं जाता जाता हात तेवढा वर केला, तो नमस्काराचा होता की नाइलाजाचा, कळलं नाही. त्यानंतरच्या खेपेला त्यानं उगाच ब्रेक दाबून बघितला. सांडलं ओंजळभर, आणि ठेकेदाराचा फोन लगेच आला. "काय बे, रस्ता चकाचक झाला तरी कामून हळू चालवायलास? दुसरा ड्रायव्हर बघू का?"

चार टँकर गेले. चाळीस गेले. राखेचे टिपर गेले, उसाचे ट्रॅक्टर गेले. भिवराबाई रोज उठून आधी रस्त्यावर जायची, टाचेनं दाबून बघायची, वाकून कडा नखानं उचकायची. आरशाला चरा नव्हता. तिला काही कळेना. सारी हयात जे काम चार दिवस टिकलं नाही, ते नेमकं इथंच असं कसं धरून बसलं?

ते तिला टोळीतल्याच केशरबाईनं सांगितलं, आणि तेही तोंडात तंबाखू मळून धरत, सहज.

"खड्डा चाकानं न्हाई पडत गं बाई. आत पाणी मुरलं म्हंजी पडतो. पाऊसच न्हाई तर उखडंल कशानं?"

भिवराबाई कडेच्या दगडावर खाली बसली. पाणी नव्हतं म्हणून खड्डा पाहिजे होता, आणि खड्डा पडायला पाणी पाहिजे होतं. एवढी साधी गोष्ट खड्ड्यातच जन्म घालवलेल्या बाईला सुचली नव्हती, कारण इतकं कोरडं साल तिनं कधी बघितलंच नव्हतं.

आणखी जखमेवर मीठ म्हणजे, पालिकेत त्या कामाचं कौतुक झालं. दर्जेदार काम म्हणून मोहनरावाच्या संस्थेचं नाव निघालं. त्यानं टोळीला बोलावून भिवराबाईच्या अंगावर शाल टाकली. उन्हाच्या काहिलीत, शाल! वस्तीच्या टँकरचं विचारलं तर म्हणाला, "फाईल वर गेलीय." फाईल वरच जाते. खाली फक्त माणसं जातात, विहिरीत.

बद्रीनाथ पाटलाच्या विहिरीत तळाला थारोळं होतं. वाटीनं भरून घ्यायला तो नाही म्हणत नव्हता, पण पायऱ्या अर्ध्यावर संपलेल्या, पुढं नुसता खडक. भिवराबाई कामावर गेली की शिवकन्या जायची. तिला जाऊ नको म्हणून सांगितलं होतं. पण नको म्हटल्यानं तहान थांबते का?

त्या दिवशी भिवराबाई भाकरी खायला दुपारी घरी आली. शिवकन्या उंबऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. कोपर सोलवटलेलं, लुगड्याला चिखल, घागर चेपलेली.

"काय झालं गं?"

"काय न्हाई, आत्याबाई. पाय घसरला. खडकाला धरून ऱ्हायले."

"पोटाला लागलं का?"

"न्हाई. हलतंय अजून." मग ती रडायलाच लागली. "पाणी सांडलं सारं. वर आणलतं मी, वर आणून सांडलं."

भिवराबाईनं भाकरीचं फडकं तसंच चुलीपाशी ठेवलं. कोपऱ्यातली पहार घेतली. छबुबाईच्या, केशरबाईच्या दारावरून जाताना नुसती पहार दगडावर वाजवत गेली. त्या टिकाव घेऊन मागं निघाल्या.

भर दुपारी, सगळ्या रहदारीदेखत, तिनं त्या आरशात पहार घातली. वरचं डांबर चिवट होतं. दोन-चार घाव नुसते उसळून अंगावर आले. मग कड सापडली, ढलपा निघाला, आणि खाली तिनंच ठेवलेली राख, तशीच्या तशी कोरडी. मोटारसायकलीवरचे थांबून बघत होते, फोटो काढत होते. कुणीतरी फोन केला असणार, कारण पांढरी गाडी लगेच आली.

"भिवरे! येड लागलं का गं? सरकारी रस्ता हाय ह्यो!"

"मंग सरकारला सांगा, भिवरीनं फोडला. नाव नीट सांगा."

"तुरुंगात जाशील."

"तिथं नळ हाय म्हणत्यात."

छबुबाई फिसकन हसली. मोहनराव लाल झाला. "संस्थेतून काढून टाकीन! एकीला काम देणार न्हाई!"

"संस्था मजुरांची हाय, असं भाषणात तुमीच म्हणता. मंग मजुराला मजूरच काढंल. तुमी कवा उचललं घमेलं?" ती थांबली नव्हती, बोलत होती आणि घाव घालत होती. "सून पडली माझी विहिरीत. टँकर मागितला तर शाल दिली. नेसू का पिऊ?"

मोहनराव पोलिसांना फोन लावत असतानाच वळणावर हॉर्न वाजला. नबीचा टँकर. वस्तीतून बाया हंडे घेऊन धावल्या.

"थांबू नको बे!" मोहनराव ओरडला. "उजवीकडून काढ!"

नबीनं मान बाहेर काढली, पांढऱ्या गाडीकडं बोट केलं. "उजवीकडं तुमची गाडी हाय, चेअरमन साब. आन डावीकडं रास्ता खराब हाय. हळूच काढावा लागंल."

त्यानं डावं चाक खड्ड्यात उतरवलं. टँकर कलला, पण थोडासाच. झाकण हललं, पाणी उडालं, आणि नालीत जेमतेम दोन हंड्यांपुरतं पडलं. एक हंडा शिवकन्येच्या नावानं बाजूला ठेवला. दुसऱ्यावर चार बायांचे हात पडले. टँकर निघून गेला.

मोहनराव फोनवर पत्ता सांगत होता. मागचा टँकर थोड्या वेळात येणार होता, पोलीसही.

भिवराबाईनं खड्ड्यात उतरून वीत लावून बघितली.

"अजून एवढा खोल पायजे," ती म्हणाली, आणि पहार वर उचलली.