टायगरच्या मागची राख

संगमनेरात चर्चच्या मागं भिंत घातलेलं एक पटांगण आहे. सकाळी आसपासची माणसं आपापली कुत्री तिथं आणून मोकळी सोडत. चर्चच्या कमिटीनं परवानगी दिली होती ती एकाच अटीवर. रविवारी पोरं तिथं संडे स्कूलला बसतात, त्यामुळं घाण दिसता कामा नये. दिसली की फाटकाला कुलूप.

ही परवानगी मिळवली होती दानीएल सरांनी. निवृत्त मास्तर, पण आवाज अजून वर्गातलाच. नियमही त्यांनीच घालून दिलेले. कुत्रा आणायचा तर सोबत डबाभर राख आणि सुपली आणायची. कुत्र्याचं आटोपलं की वर राख टाकायची, सुपलीत भरायचं आणि कोपऱ्यातल्या लिंबाखालच्या खड्ड्यात नेऊन टाकायचं. गॅसच्या जमान्यात राख आणायची कुठून, असं शेजारच्या गोजरबाईंनी विचारलं, तर सरांनी घरचा गिझर बंद केला, अडगळीतला बंब काढून पेटवला आणि सगळ्यांना राख वाटली. असा हट्टी माणूस. पण त्या हट्टामुळंच पटांगण स्वच्छ राहिलं, हे कुणी नाकारत नसे.

हट्टाचं खरं कारण टायगर होता. नाव टायगर, तोंडात धड चार दात नाहीत आणि अलीकडं दोन्ही डोळ्यांनी आंधळा. रस्त्यावर हॉर्न वाजला की तो अंग चोरून खालीच बसे, उचलून आणावा लागे. पटांगणात मात्र नाकाच्या भरवशावर शेपटी वर करून हिंडे. सरांची बायको स्टेला हिनं त्याला पिल्लू असताना पदराखाली झाकून घरी आणलं होतं. ती गेल्यावर घरात सरांची वाट पाहणारा तो एकटाच उरला. पटांगण बंद झालं तर हा कोंडून कोंडून मरेल, या काळजीनं सरांचा जीव कायम टांगणीला लागलेला.

खुद्द सरांच्या डोळ्यांतही मोतीबिंदू होता. ऑपरेशननंतर काही दिवस कुत्र्यापासून लांब राहा, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा सरांनी ऑपरेशनच लांबवलं. मला सगळं नीट दिसतं, असं ते ज्याला त्याला सांगत.

एका सकाळी चर्चच्या पायऱ्यांजवळ सरांचा पाय घाणीत पडला. पुढं बघतात तर कारभारी खाली वाकून राख टाकतोय. कारभारी म्हणजे त्यांचा जुना विद्यार्थी, आता दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर. त्याचा गावठी कुत्रा बाळ्या लांब भिंतीपाशी भुंकत होता. कुत्रा तिकडं आणि राख इकडं, हे पाहून सरांनी काय समजायचं ते समजून घेतलं. हा वेळेवर घाण उचलत नाही आणि मागाहून झाकत फिरतो.

"आपलं ठेवायचं झाकून, असं चाललंय होय रे?" सर सगळ्यांदेखत म्हणाले. "किती दिवस बघतोय, तू जागोजागी राख टाकत हिंडतोस. उद्यापासून बाळ्याला इथं आणायचं नाही."

कारभारीनं टायगरकडं पाहिलं, मग सरांकडं. गोजरबाई काही बोलणार, तेवढ्यात त्यानं त्यांना हातानंच थांबवलं.

"बरं, सर," तो म्हणाला, आणि बाळ्याला घेऊन गेला. शाळेत छडी खातानाही तो असाच गप्प असायचा.

पुढच्याच रविवारी पोरांच्या चपला घाणीनं भरल्या. सोमवारी फाटकाला कुलूप लागलं. टायगर फाटकाच्या गजांत नाक खुपसून कुईकुई करत राहिला. सरांना ते बघवेना.

"हे कारभारीचंच काम," ते गोजरबाईंना म्हणाले. "डूख धरून चोरून आणत असेल बाळ्याला."

गोजरबाईंनी सरांना फाटकापासून बाजूला घेतलं.

"सर, तुमचा टायगर म्हातारा झालाय. त्यो एका जागी बसत न्हाई, चालता चालता सांडत जातो. तुमी पयल्या जागेवर राख टाकता, फुडचं तुमाला दिसत न्हाई. कारभारी रोज तुमच्या मागनं उचलत हुता. सरांना कळू देऊ नका म्हनला, त्यांना लई लागंल. म्या उचललं असतं, पर आठवडाभर मी काष्टीला लेकीकडं गेल्ते."

आयुष्यभर पोरांची उत्तरं तपासली आणि या एका पोराला काही न विचारताच शिक्षा केली, याच्या लाजेनं सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. टायगरला घरी सोडून ते हायवेलगतच्या कारभारीच्या घराकडं निघाले. त्याची माफी मागायची, कमिटीपुढं जाऊन चूक कबूल करायची, आणि उद्या टायगर अन् बाळ्या दोघांना बरोबरच आत सोडायचं, असं त्यांनी वाटेत ठरवलं.

कारभारी ओट्यावर बसला होता. सरांना पाहून तो उठला, खुर्ची आणायला आत गेला. कोपऱ्यात, नेहमीच्या जागी, बाळ्या अंगाचं मुटकुळं करून पडलेला. सर त्याच्याजवळ वाकले.

"रागावलास होय रे बाळ्या? चल उद्यापासून. मीच आलोय न्यायला," असं म्हणत त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

कारभारी खुर्ची घेऊन दारातच थांबला.

"सर," तो हळू आवाजात म्हणाला, "ते राखेचं पोतं हाय."

सरांनी हात काढला नाही.

"पटांगनासाठी चुलीची राख साठवत हुतो. बाळ्या मागल्या बुधवारी गेला. तिकडं त्याला बंद झालं, मग हायवेच्या कडंनं फिरवत हुतो त्याला. टेम्पो आला मागनं. त्याला मोकळं हिंडायची सवय, रस्ता ठावा नव्हता त्याला."

सर तिथंच खाली बसले. माफीसाठी जुळवून आणलेले शब्द कुठल्या कुठं गेले, आणि म्हातारपणी माणसानं रडू नये हेही त्यांना आठवलं नाही. कारभारीनं खुर्ची भिंतीला लावली आणि तो त्यांच्या शेजारी जमिनीवर बसला.

सरांचं रडणं ओसरल्यावर त्यानं विचारलं, "टायगरला आता कुठं फिरवणार, सर?"

"रस्त्यानं," सर म्हणाले.

कारभारी उठला. त्यानं आतून एक रिकामा डबा आणला, पोत्याचं तोंड सोडलं आणि डबा राखेनं काठोकाठ भरून सरांच्या हातात दिला.

"सकाळी टायगरला घेऊन दारात थांबा," तो म्हणाला. "मी येतो मागनं."