उसना जीव

"ताई, ह्याला काय जुना गेम म्हणायचं?" दत्तूने मोबाइल गादीवर टाकला. "चौकोनी ठिपके काढले, टूंटूं वाजवलं, झालं जुनं! मेलं की तिथल्या तिथं परत उभं करतात. मरायची भीतीच नाय, मग खेळायचं कशाला?"

ललिताने कपाळावर हात मारला. डायलिसिसचे चार तास सरावेत म्हणून बिचारीने खास जुन्या धाटणीचा नवा गेम शोधून दिला होता. दत्तूच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, कळवणचं मोटार वाइंडिंगचं दुकान बंद, आठवड्यातून तीनदा नाशिकच्या दवाखान्यात सुया टोचून घ्यायच्या, म्हणून मुक्काम बहिणीकडे. आणि स्वारी गेमच्या चुका काढत बसलेली!

शेवटी तिने माळ्यावरून लहानपणीचा टीव्ही गेम काढला. दत्तूने वायर जोडली, कॅसेटवर फुंकर मारली, आणि तिसऱ्या फुंकरीला तो चक्क सुरू झाला.

त्या गेममध्ये दोघांना तीन-तीन जीव. आपले संपले की बटण दाबायचं, जोडीदाराचा एक जीव आपल्याला मिळायचा. लहानपणी ललिता दोन मिनिटांत मरायची आणि न विचारता बटण दाबायची. दत्तू भोकाड पसरायचा, "आई, हिनं माझा जीव घेतला!" चुलीपाशी बसलेली आई ओरडायची, "मुडद्यांनो, काय अभद्र बोलता!" दत्तूने मात्र ताईचा जीव कधी घेतला नाही. संपले की रिमोट ठेवून तो तिचा खेळ बघत बसायचा.

म्हणून तर ललिताने किडनी द्यायचं ठरवलं होतं. दत्तू नाही नाही म्हणत राहिला, तिने ऐकलं नाही. रक्तगट जुळला. ती हरखली, नवस बोलून आली.

बुधवारी सकाळी उरलेले रिपोर्ट आले. तिलाच साखर निघाली. डॉक्टरांनी साफ नकार दिला. घरी येऊन ती चप्पल न काढताच दारात उभी राहिली.

"नाय जमत ना?" दत्तूनेच विचारलं.

"मला नाही रे देता येत, दत्त्या," ती ढसाढसा रडली. "एवढं घेतलं तुझं, आणि मला एक देता येत नाही."

"गप गं. दवाखान्याला अजून तासभर हाय. बस, एक डाव खेळू."

तिसऱ्या टप्प्यात त्याचे तिन्ही जीव गेले. ललिताकडे दोन उरले होते.

"दाब ना बटण. घे."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग अंगठ्याने बटण दाबलं.

"घेतला बघ. आता फिटलं आपलं."

ललिताला एकदम भरून आलं. तिचा राहिलेला जीव लगेच गेला, पण तिचं लक्षच नव्हतं. उसना जीव घेऊन दत्तू असा जपून खेळला, की चौथा टप्पा पार झाला, पाचवा सुरू झाला. तेवढ्यात रिक्षा आली.

त्या गेमला खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. लहानपणी जेवायला हाक आली की ते पॉज करून नुसता टीव्ही बंद करायचे. त्याने तसंच केलं.

"गेमचा डबा बंद करू नको हं. तुझा जीव हाय त्यात. आल्यावर पुढं खेळतो."

दत्तू आला नाही. डायलिसिसच्या तिसऱ्या तासाला त्याचं हृदय थांबलं.

तेराव्यानंतर मावशी घर आवरायला लागली. टीव्हीखाली हात घालून म्हणाली, "हे काय गं? इतके दिवस बटण चालूच?"

ललिताने धावत येऊन तिचा हात धरला. दोनदा वीज गेली तेव्हा इन्व्हर्टरने सांभाळलं होतं.

"राहू दे मावशी. दत्तूचा डाव आहे."

मावशीने हात काढून घेतला. ललिता खाली बसली आणि तिने डब्यावर तळहात ठेवला. तो अजून कोमट होता.