देवाला दिलेली किल्ली

मी एक जुनी पितळी किल्ली आहे. माझे कुलूप केव्हाच मोडीत गेले, त्यामुळे मी आता कुणाच्याच उपयोगाची नाही. तरीही मित्रांनो, माझी कहाणी ऐका. एका माणसाने मला देवाला दिले आणि परत काढून घेतले, ते मी फार जवळून पाहिले आहे.

माझ्या कारागिराने माझा एकेक दात कानशीने घासून घडवला. पुढे सूत रंगवण्याच्या एका कारखान्याच्या मालकांनी मला विकत घेतले. पत्र्याच्या छपराखाली उकळत्या कढया, सूत वाळवायच्या दोऱ्या आणि मागच्या बाजूला एक लहानशी खोली, एवढाच तो कारखाना. त्या खोलीत रंगांच्या पुड्यांचे डबे असत. कुठला रंग किती घ्यायचा हे फक्त मालकांना ठाऊक. ते दार लावून मिश्रण करत आणि मी त्यांच्या गळ्यात जाड दोऱ्याला लटकत असे. कामगार मालकांना नमस्कार करत, तेव्हा तो मलाच आहे असे मला वाटे.

मालक देवाचे मोठे भक्त. रोज संध्याकाळी खोलीला कुलूप घालून ते घरी येत, मला देवाच्या कोनाड्यात ठेवत आणि हात जोडून म्हणत, “सगळं तुझंच आहे. तूच सांभाळ.” सकाळी मात्र तोंड धुण्याआधी मला उचलून गळ्यात घालत. देवाची मालकी कारखाना बंद असेपर्यंतच चाले.

मग एकदा मालक तापाने अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी हात टेकले. मालकांनी मला कोनाड्यात ठेवायला लावले आणि सगळ्या घरासमोर देवाला शब्द दिला, “मला उठव. किल्ली थोरलीला देतो. पुन्हा हात लावणार नाही.”

थोरली म्हणजे त्यांची मोठी मुलगी. ती सुताच्या लडींमध्येच खेळून वाढली होती, पण त्या खोलीत तिला कधी पाऊल टाकू दिले नव्हते. आता मी तिच्या गळ्यात आले आणि रंगांची मापे मालकांनी अंथरुणावरूनच तिला सांगितली. ती धागा बुडवून घाई न करता वाळेपर्यंत थांबे, कारण ओल्या सुताचा रंग फसवतो, वाळला की फिका पडतो. एकही लड परत आली नाही. कोपरापर्यंत हात निळे झालेले एक म्हातारे रंगारी होते, त्यांना सगळे निळेकाका म्हणत. त्यांनी तर पोरीची दृष्टच काढायची बाकी ठेवली होती.

मालक बरे झाले. काठी टेकत कारखान्यात आले, तेव्हा एक व्यापारी सूत पाहत होता. त्याने भोळेपणाने म्हटले, “मालक, मुलीचा हात तुमच्याहून छान बसलाय.” मालक हसले. मग त्यांनी थोरलीपुढे तळवा पसरला.

“आण ती किल्ली.”

“बाबा, तुम्ही देवाला शब्द दिला होता.”

“देवाला दिला होता, तुला नाही. देवाचं आणि माझं मी बघून घेईन.”

कामगारांनी माना खाली घातल्या. थोरलीने दोरा गळ्यातून काढून त्यांच्या हातात ठेवला. काही दिवसांनी ती दुसऱ्या गावी, दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला गेली. ती गेली त्या संध्याकाळीही मालकांनी मला कोनाड्यात ठेवले आणि “सगळं तुझंच” म्हटले. मला ऐकवेना.

पुढे मालकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पांढरी भिंतही त्यांना पिवळट दिसू लागली, पण कबूल कोण करणार? फिक्या पिवळ्या सुताची मोठी मागणी आली. त्यांना पिवळा फार वाटला, म्हणून तो दाबायला ते निळा टाकत गेले. सूत हिरवट निघाले. निळेकाका हळूच म्हणाले की थोरल्या ताईंना एकदा बोलावून दाखवू या. ज्या माणसाचे आयुष्य त्या कढयांत गेले, त्याला मालकांनी त्याच दिवशी घरी बसवले. सगळा माल परत आला आणि व्यापारी दुसरीकडे वळले. कारखाना विकला गेला. नव्या मालकाने माझे कुलूप तोडून फेकले. मी मात्र मालकांच्या गळ्यातच राहिले.

बापाचे डोळे दाखवायला न्यावे म्हणून थोरली आली. मालकांनी मला मुठीत घट्ट धरले आणि विचारले, “किल्लीसाठी आलीस?”

ती आल्या पावली परत फिरली. मित्रांनो, तिचा चेहरा त्यांना दिसला नाही, मला दिसला.

त्यानंतर ती आली ती ते गेल्यावरच. मी त्यांच्या मुठीत होते. तिने एकेक बोट सोडवले, मला कोनाड्यात ठेवले आणि देवाला म्हणाली, “घे. आता खरंच तुझी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मला उचलायला कुणी आले नाही. अजूनही येत नाही. माझ्या अंगावर आता त्या सुतासारखाच हिरवट थर चढला आहे. मित्रांनो, तुमच्याही हातात कधीतरी एखादी किल्ली येईल. ती सांभाळा, पण मूठ आवळून बसू नका. आणि देवाला द्यायचीच असेल, तर मूठ दुसऱ्या कुणाला उघडावी लागण्याआधी द्या.